काठोकाठ भरलेल्या पेट्या

मी सोळा वर्षांची होते त्या हिवाळ्यात मी कुठे एका जागी बसल्याचं मला आठवत नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा हलत असायचा. माय म्हणायची, "पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी हलते." मी पाय थांबवायचे, तर हाताची बोटं सुरू व्हायची. भाकरी थापता थापता उठून दारात जायचे, दारातून परत चुलीशी यायचे, आणि कशासाठी गेले होते ते मला सांगता यायचं नाही. आत्ता हे लिहिते आहे तेव्हा माझी मुलगी शेजारी अभ्यास करते आहे आणि तिचाही गुडघा हलतो आहे. मी तिला काही बोलले नाही.

आमची खोली उधन्यात, लूमच्या खात्याला, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याला, लागून होती. मधे भिंत एकच. पलीकडे माग चालायचे तेव्हा आमच्या मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत राहायच्या. माय दोन वाट्यांमधे फडक्याची चिंधी घालून ठेवायची, तरी त्या वाजायच्याच. वीज गेली की खातं एकदम गप्प व्हायचं, आणि त्या शांततेनं गल्लीतली तान्ही मुलं दचकून रडायला लागायची. आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या जन्माच्या आधीपासून त्याच खात्यात होते. त्यांचे कान मागांनी खाल्ले होते. त्यामुळे आमच्या घरात कुणीही हळू बोलत नसे. मीठ मागायचं तरी ओरडून. तशा घरात मी एकटीच अशी की माझा आवाज माझ्या ओठांपलीकडे जात नसे. आबांना काही सांगायचं असलं तर मी मायला सांगायचे आणि माय ते आबांना ओरडून सांगायची. वर्षानुवर्षं आम्ही बापलेक असेच बोललो. घरात बोली अहिराणीच. इथे मी शाळेत शिकले तशी मराठी लिहिते आहे, पण काही वाक्यं मला तशीच ऐकू येतात, ती तशीच लिहीन.

शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे झाली नाही त्याचं कारण नळ. आमच्या गल्लीत पाणी सकाळी यायचं, नेमकं शाळेच्या वेळेला, आणि तासाभरात जायचं. माय तोवर तापीपलीकडे अडाजणला धुण्याभांड्याच्या कामाला निघालेली असे, आबा खात्यात. मग पाणी भरणार कोण? मीच. नळ आला की हंडा, कळशी, बादल्या, डबे, पातेली, शेवटी तांबे आणि वाट्यासुद्धा. रिकामं भांडं दिसलं की भरायचं, अर्धं दिसलं की पूर्ण करायचं, काठोकाठ. भरून झालं की शेजारणी एकमेकींना विचारायच्या, "समदं भरलं ना व?" आणि "भरलं" म्हणताना प्रत्येकीच्या चेहऱ्यावर एक समाधान असायचं. ते आजही मला कुठल्या देवळात दिसत नाही. माझ्या घरी आता चोवीस तास पाणी आहे, तरी मी निजण्याआधी दोन बादल्या भरून ठेवते. नवरा हसतो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर आबांनी ठरवलं की मला शिरपूरकडच्या आमच्या गावाला, काकांकडे पाठवायचं. कारण त्यांनी मायला सांगितलं, म्हणजे गल्लीला सांगितलं. "पोर मोठी झाली. आपण दोघं दिवसभर बाहेर. खात्यातली परकी माणसं दारावरनं ये-जा करतात. तिकडे काकू आहे, लक्ष ठेवील, दोन वर्षांत लगीनही जमवील." माय म्हणाली, "आणि पाणी कोण भरील?" आबा म्हणाले, "पाणी पाणी! पोरीपेक्षा पाणी मोठं का?" माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी विळीवर वांगी चिरत होते आणि चिरतच राहिले. भरिताची वांगी चिरत नाहीत, भाजतात, हे मला सगळी चिरून झाल्यावर कळलं.

मला गावाला जायचं नव्हतं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. गाव वाईट नव्हतं. काकूही मारकी नव्हती. पण गावाला गेले की माझं सगळं ठरून गेलेलं असणार, हे मला कळत होतं. इथे काहीच ठरलेलं नव्हतं, आणि ते न ठरलेलं मला हवं होतं. त्याच वेळी तेच मला बसू देत नव्हतं.

एकटीला घरी ठेवायचं नाही म्हणून माय मला आपल्याबरोबर कामावर नेऊ लागली. पाणी भरून ठेवायला खोलीची किल्ली शेजारणीकडे दिली. मायचं सगळ्यात मोठं काम हंसाबेनकडे होतं. बेन शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या, चौथ्या मजल्यावर, आणि वरची गच्ची त्यांच्या ताब्यात होती. पहिल्या दिवशी मी दारातच उभी राहिले. बेननी विचारलं, "नाम शुं?" मी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "मनीषा. बोलत नाही ती." बेन म्हणाल्या, "सारुं. बोलवावाळा बहु छे. हात चाले छे?" बोलणारे पुष्कळ आहेत, हात चालतात का, असं त्या विचारत होत्या. हात चालत होते.

त्यांनी मला गच्चीवर नेलं. हिरव्या जाळीखाली थर्माकोलच्या पेट्या मांडल्या होत्या, औषधांच्या दुकानात थंड औषधं येतात तसल्या. आत काळं प्लास्टिक अंथरलेलं. झाकणाला तापलेल्या सुरीनं सहा सहा भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकात चहाचा प्लास्टिकचा कप, बुडाला चिरा दिलेला. कपात स्पंजचा तुकडा, आणि स्पंजात एवढंसं हिरवं. माती कुठेच नाही. मी खाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं, माती नव्हतीच. बेनच्या मुलानं परदेशातून कागद पाठवले होते, त्यावरून त्यांनी हे केलं होतं. खताच्या दोन पांढऱ्या भुकट्या काट्यावर तोलून बादलीत वेगवेगळ्या विरघळवायच्या, मग ते पाणी पेटीत. ना मोटर, ना वीज. "आ लेटस छे," त्या म्हणाल्या. सॅलडचं पान. एक तोडून त्यांनी मला दिलं. चव पाण्याची, शेवटी जरा कडू. मी घरी चार पानं नेली. आबांनी भाकरीबरोबर मिरचीच्या ठेच्यात बुडवून एक खाल्लं आणि मायला ओरडून विचारलं, "ही भाजी शे का कागद?" माय म्हणाली, "शिजवायला घेतली तर कढईत सापडणार नाही." तरी आबांनी चारही पानं संपवली.

पुढचा महिना मी त्या गच्चीवर होते, आणि तिथे मात्र माझे पाय शांत असत. स्पंज भिजवायचे, एका स्पंजात दोन बिया, वर ओलं फडकं. कोंब आले की नाजूक बाजूला काढायचा, जोमाचा ठेवायचा. कपाला चिरा पाडायच्या. बेन समजावून सांगत, मी मान हलवायचे. एकदा त्यांनी झाकणाचा कोपरा उचलून मुळं दाखवली. पांढरीशुभ्र, म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखी, खाली पाण्यात पसरलेली. वरची मात्र पाण्याबाहेर, ओलसर हवेत लोंबत होती. झाड पाणी पितं तसं पाणी खाली जातं, आणि मधल्या मोकळ्या जागेत ही वरची मुळं श्वास घेतात, असं त्यांनी सांगितलं. "पाणी ओछुं थाय तो थवा देजे. भरवानुं नथी." कमी झालं तर होऊ दे, भरायचं नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा मान हलवली. मायला कुणी सांगितलं नाही. माय खाली भांडी घासत होती.

मग बेनना बडोद्याला मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे जायचं झालं. जाण्याआधी त्यांनी मायला बसवून विचारलं की ही पोर कायमची माझ्याकडे दिवसभर येईल का. मायनं गावाचं सांगितलं. बेन म्हणाल्या, "मी येईपर्यंत तिला पाठवू नका. तिला या पेट्या सांभाळू द्या. सगळं नीट उभं दिसलं तर मी स्वतः तिच्या बापाशी बोलेन. दिवसभर माझ्या घरात राहील, शिकेल, मी जबाबदार. पण आधी तिला जमतं का ते पाहू." आबांनी ते ऐकून एवढंच म्हटलं, "बेन येऊ देत. मग बघू."

बारा पेट्या होत्या. अकरा एका ओळीत, आणि ओळीत जागा उरली नाही म्हणून बारावी पाण्याच्या टाकीमागे. मी रोज मायबरोबर जायचे. बेनची किल्ली मायच्या कमरेला. गच्चीवर करायचं तसं काहीच नव्हतं, आणि तेच अवघड होतं. जाळी ताणायची, पानाखाली किडा आहे का पाहायचं, झाकणाची एक कड उचलून पाणी किती खाली गेलं ते पाहायचं, आणि सोडून द्यायचं. पाणी रोज थोडं खाली जायचं. माझा हात बादलीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचे. पानं तळहाताएवढी झाली, मग दोन तळहातांएवढी, कडेला झालर असलेली. मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे आणि मनात म्हणायचे, उभी राहा, बाई, आणखी थोडे दिवस उभी राहा.

नवव्या दिवशी टाकीमागच्या पेटीतला एक कप भोकातून आत घसरला होता. मी तो बाहेर काढला. मुळं गुंतली होती, ती हातावर घेऊन एकेक सोडवली. मग त्या पेटीतले सहाही कप काढून, पुसून, नीट बसवले. हे करून खाली आले आणि बाथरूममधे गेले तेव्हा कळलं की मला अडचण आली आहे. नेहमीपेक्षा चार दिवस लवकर आली होती.

मायला सांगितलं तशी तिनं कपाळावर हात मारला. "हात लावला का झाडांना?" मी मान हलवली. "किती झाडांना?" मी हात पाठीमागे नेले. आमच्याकडे त्या चार दिवसांत तुळशीजवळ जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, फुलझाडाला पाणी घालायचं नाही. झाड जळतं. हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. भिंतीतून माग ऐकू यायचे तसं हेही घरात आपोआप ऐकू यायचं. माय म्हणाली, "आता चार दिवस तू वर पाय ठेवू नको. मी बघते. तुझी मेहनत मी वाया जाऊ देणार नाही." ती हे फार मायेनं म्हणाली. मला गावाला पाठवायचं तिलाही नव्हतं, पण ती ते कधी बोलली नव्हती. त्या चार दिवसांत ती भांडी घासून आधी गच्चीवर जायची, मग जेवायची. मी बेनच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या पावलांचा आवाज ऐकायचे. वरती पाणी वाजत होतं का, हे मी त्या वेळी लक्ष देऊन ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मी वर गेले. पानं मान टाकून पडली होती. ओळीच्या ओळ, ओल्या फडक्यासारखी. खालची पानं पिवळी. मी जिन्यातच बसले. माय मागून आली आणि तिनं पाहिलं. मग म्हणाली, "कालपरवा जरा कोमेजलेली दिसली, मला वाटलं ऊन असेल." थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "तुझा हात लागला ना, पोरी. तुझा दोष नाही. ठाऊक नव्हतं तुला."

माझा तिच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास बसला. आज लिहिताना मला माझाच राग येतो, पण खरं ते लिहायला हवं. मी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मला ते नकोसे वाटले. पुढचे दोन दिवस मी पेट्यांना शिवलेच नाही, आणखी जळतील म्हणून. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे, उठायचे, चार पायऱ्या उतरायचे, परत चढायचे. घरी आबा मायला विचारायचे, "बेन कधी येणार?" आणि माय माझ्याकडे न पाहता सांगायची, "येतील चार दिवसांत." काकांचा निरोप आला होता की गाडीला बसवून द्या, मी शिरपूरला उतरून घेतो.

तिसऱ्या दिवशी वारा होता. मायनं कठड्यावर वाळत घातलेलं फरशीचं फडकं उडून टाकीमागे गेलं. ते आणायला मी गेले आणि वाकले, तर समोर बारावी पेटी. सहाही झाडं ताठ. पानं हिरवीगार, झालर कुरळी, हात लावला तर कर्रकन मोडतील अशी.

मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. याच झाडांची मुळं मी तळहातावर घेतली होती. बाकीच्या अकरा पेट्यांना त्या दिवशी मी नुसतं लांबून पाहिलं होतं. जळायची तर आधी हीच जळायला हवी होती. मला वाटतं, त्या क्षणाआधी मी आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीचा पूर्ण विचार केला नव्हता. इतरांनी केलेला विचार मी वापरायचे. मी त्या पेटीचं झाकण उचललं. पाणी चार बोटं खाली, वरची मुळं हवेत, पांढरी. मग धावत जाऊन ओळीतल्या पहिल्या पेटीचं झाकण उचललं. पाणी झाकणाला टेकलेलं. माझा हात मनगटापर्यंत ओला झाला. मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि मोरीसारखा वास. दुसरी पेटी, काठोकाठ. तिसरी, काठोकाठ.

"माय!" मी कठड्यावरून हाक मारली. ती धापा टाकत वर आली, मी पडले की काय असं वाटून.

"तू ह्यात पाणी भरलं?"

"भरलं तर. रोज भरलं." तिचा चेहरा अजून निर्धास्त होता. "अर्ध्याअर्ध्यावर आलं होतं. मुळ्या कोरड्या लोंबत होत्या बिचाऱ्यांच्या. तुझं ध्यान नव्हतं वाटतं. इथे तर नळाला दिवसभर पाणी, मग काय उपाशी ठेवू?"

"ती टाकीमागची?"

"टाकीमागे कुठली? तिथे पण आहे?"

मी तिला हाताला धरून टाकीमागे नेलं. तिनं त्या झाडांकडे पाहिलं, मग ओळीकडे, मग माझ्या हातांकडे. मी तिला सांगितलं की हिला मी सगळ्यात जास्त हात लावला होता, त्याच दिवशी. तिला कळलं हे मला दिसलं. पण कळलेलं ती लगेच तोंडातून काढणारी नव्हती. ती म्हणाली, "एखाद्याला लागत नाही दोष. तुळस मात्र जळतेच." आणि मग, अगदी हळू, "पाण्यानं कधी कुणी मरतं का व?"

आम्ही दोघींनी तांब्यांनी पाणी उपसलं. प्रत्येक पेटी अर्धी केली, कुजलेली मुळं कात्रीनं कापली. उपसलेलं पाणी गच्चीच्या नाळीतून जाताना माय दर वेळी "अरे देवा" म्हणत होती. इतकं पाणी तिनं आयुष्यात कधी ओतून दिलं नव्हतं. तीन पेट्यांतली काही झाडं दोन दिवसांनी माना वर करू लागली. बाकी गेली.

बेन यायच्या दिवशी बसमधे माय मला समजावत होती. "सरळ सांग, अडचण आली होती, ठाऊक नव्हतं, हात लागला. बाईमाणूस आहे, समजून घेईल. त्यात कुणाचा गुन्हा नाही. पाण्याचं काढलंस तर..." ती थांबली. पाण्याचं काढलं तर तिचं काम जाऊ शकत होतं, आणि ते तिच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. मी खिडकीबाहेर तापी पाहत होते. दोन्हींपैकी काहीही बोलले तरी गाव समोर होतं. अडचणीचं सांगितलं तर दर महिन्याला झाडांपासून चार दिवस दूर ठेवायची पोर कोण ठेवून घेईल? आणि मायचं नाव मी घेणार नव्हते.

बेन प्रवासाच्या साडीतच वर आल्या. अकरा पेट्यांसमोरून शेवटपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. "आ शुं कर्युं?" हे काय केलं, असं त्यांनी विचारलं. माय जिन्याच्या दारात फरशीचं फडकं घेऊन उभी होती. मी म्हणाले, "पाणी वधारे भराई गयुं." जास्त भरलं गेलं. बेननी माझ्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं, त्या क्षणभर चमकल्या. मग म्हणाल्या, "मी तीनदा सांगितलं होतं तुला. कोणी भरलं?"

मी म्हणाले, "सांभाळायला मी होते."

"मी विचारते, भरलं कोणी?"

तेव्हा मागून माय म्हणाली, "मी भरलं, बेन. पोरीचा हात लागलाच नाही. तिच्या हातानं तर ती टाकीमागची उभी आहेत."

मी वळून पाहिलं. ती फडकं पिळत होती, जरी ते कोरडं होतं. बेन तिला म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं होतं भरायला?" माय म्हणाली, "पाणी भरायला कोणी सांगावं लागतं का?" बेन टाकीमागे जाऊन आल्या. हसल्या नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांचा तीन महिन्यांचा जीव त्यात होता. एवढंच म्हणाल्या, "मी उभं असेल तर बोलेन म्हटलं होतं. काय उभं आहे? या तीन-चार पेट्या दाखवून तुझ्या बापाला काय सांगू? मी थकले आहे आज." आणि खाली जाऊन आडव्या झाल्या. मायचं काम त्यांनी काढलं नाही, पण त्या दिवशी तिच्याशी बोलल्याही नाहीत.

त्या संध्याकाळी आबा खात्यातून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती आणि शेवेची भाजी. भिंतीपलीकडे दुसरी पाळी सुरू झाली होती, वाट्या वाजत होत्या. आबांनी मायला विचारलं, "बेन आल्या?" माय "आल्या" म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. रोजच्यासारखं मी तिला सांगेन आणि ती आबांना ओरडून सांगेल, याची ती वाट पाहत होती. तिचा चेहरा इतका थकलेला होता की मला ते ओझं तिच्यावर टाकवेना. मी परातीवरून उठले, पिठाच्या हातानंच आबांसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "आबा, मी गावले नही जाऊ."

आबांनी घास थांबवला. "काय?"

मी जरा मोठ्यानं म्हणाले, "मी गावाला जाणार नाही. बेनकडे शिकणार आहे. त्यांनी ठेवलं नाही तर दुसरीकडे बघीन."

आबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणते?"

मग मी ओरडले. माझ्या छातीत एवढा आवाज होता हे मलाच माहीत नव्हतं. तो मागांच्याही वर गेला. "मी गावले नही जाऊ! मला इथंच राहायचं आहे! झाडं माझ्या हातानं मेली नाहीत!" दारासमोरून जाणारी शेजारीण थबकली. पलीकडच्या खोलीतलं बोलणं बंद पडलं. मायनं तोंडाला पदर लावला. माझे कान तापले होते, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच माझा गुडघा हलत नव्हता.

आबांनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला, सावकाश खाल्ला, पाणी प्यायले. मग हळू आवाजात, आमच्या घरात कधीच कुणी बोलत नसे इतक्या हळू, म्हणाले, "आरडस कसाले? पहिलेच ऐकू उनं मले." ओरडतेस कशाला, पहिल्याच वेळी ऐकू आलं मला.

आणि मायकडे वळून, नेहमीच्या मोठ्या आवाजात, त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.